आधी वारा, मग चित्र

खबर आली तेव्हा मी शिडीवर होतो. कॉलेजच्या गेटावर पोरांचा बॅनर बांधून राहिलो होतो. बॅनर तिनंच केलेला, माझ्या बायकोनं, पंचशीलानं. खाली पोरं उभी होती. त्यातल्या एकाचा मोबाईल वाजला, त्यानं ऐकलं आन वर बघून म्हणला, "काका, खाली या." मी म्हणलो, "दोन गाठी राहिल्यात, थांब." तो पुन्हा म्हणला, "ऱ्हाऊ द्या गाठी, काका, खाली या." मला वाटलं, बॅनर तिरपा लागला. यांचं नेहमीचंच, सगळं बांधून झालं की म्हणतेत जरा डावीकडं घ्या. म्हणून मी दोन्ही गाठी आवळल्या, सुतळीची टोकं कापली, मगच उतरलो. उतरल्यावर एकानं माझ्या हातातली सुतळी काढून घेतली आन म्हणला, काकू दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या पडल्या, शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं... मी पोचलो तवर काही राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणला, हार्ट. एवढंच म्हणला. सकाळी निघताना ती मला म्हणली होती, "टोपी घाला, न्हाई तर आहे ती अक्कल पण उन्हानं वाळून जाईल." तिला आतून काही होत होतं का, मला न्हाई माहीत. तिला तरी माहीत होतं का, तेही न्हाई माहीत.

त्याला आता काही आठवडे झाले. जलदान विधी झाला, पुण्यानुमोदनाला सगळे सोयरे जेवून गेले, नांदेडला दिलेली लेक आली, रडली, गेली. आन दुकानाच्या कोपऱ्यात एक गुंडाळी उभी राहिली. पंचशीलाच्या श्रद्धांजलीचा बॅनर. कॉलेजच्या पोरांनी केला, छापून आणला, माझ्या हातात दिला आन म्हणले, "काका, चौकात लावा." मी लावला न्हाई. आमच्या हिंगोलीत माणूस गेलं की लगेच चौकात त्याचा बॅनर लागतो, न्हाई लागला तर लोक म्हणतेत घरच्यांना दुःखच न्हाई. माझा मेव्हणा देविदास रोज येऊन त्या गुंडाळीकडं बघायचा आन विचारायचा, "दाजी, अख्ख्या गावाचे मेलेले तुमी टांगले, माझ्या बहिणीलाच काहून कोपऱ्यात उभं केलं?" त्याला एका वाक्यात काय सांगू? सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं. म्हणून हे लिहून राहिलो. ज्याला वाटतं की म्हाताऱ्याला बायकोचं काही न्हाई, त्यानं तरी वाचावं.

मी मूळचा मांडववाल्याकडचा गडी. बांबू, दोर, कनाती, यातच जिंदगी गेली. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तराच्या मेहरबानीनं. ती दहावी झालेली, टायपिंग शिकलेली. नांदेड रोडला आमी टायपिंग-झेरॉक्सचं दुकान टाकलं. पुढं टायपिंगला कोणी विचारंना, तेव्हा तिनं कॉम्प्युटरवर बॅनर करायचं शिकून घेतलं. कुठल्या क्लासात न्हाई, दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून, बघून बघून, प्रसंगी बोलणी खाऊन. छापायचं मशीन दुसऱ्याचं, चित्र तिचं, फ्रेम ठोकून टांगायचं काम माझं. लोक म्हणायचे, बाई खुर्चीत आन गडी शिडीवर. म्हणू द्या. वाढदिवस, लग्न, निवडणूक असले बॅनर ती भाकरी थापल्यासारखे करायची, हात इकडं आन ध्यान भलतीकडं. तिचा जीव होता तो कॉलेजच्या पोरांच्या कामात. विज्ञान मंडळाची, रोबोवाल्यांची, गाड्या बनवणाऱ्यांची पोरं यायची. कोणाला टी-शर्टावरचं चित्र पाहिजे, कोणाला गटाचा लोगो, कोणाला स्पर्धेत लावायचं पोस्टर. मी एकदा विचारलं, यात तुला काय मिळतं? म्हणली, "यांच्या कागदावर माणूस नसतं. वस्तू असती. वस्तू म्हणत न्हाई, मला गोरं करा."

पोरं यायची ती घाईतच. स्पर्धा परवा आन आठवण आज. चौघं-पाचजण तिच्या खुर्चीमागं उभे राहून एकदम बोलायचे. काकू, बल्ब टाका. काकू, मेंदू टाका, अर्ध्या मेंदूत तारा दाखवा. काकू, दातेरी चाकं पाहिजेत. माझं डोकं उठायचं. एका साली हळद शिजवायचं मशीन केलेली पोरं आली. आमच्याकडं हळद काढली की काहिलीत, मोठ्या कढईत, उकळावी लागते, लाकडं जळतेत, माणसं धुरानं आंधळी होतेत. ते काम कमी धुरात करायचं, असं त्यांचं होतं. चांगलं होतं. आन बॅनरवर पाहिजे काय, तर रॉकेट.

"तुमचं रॉकेट हाय का?" ती म्हणली.

"न्हाई काकू, आमचं हळदीचं हाय."

"मग रॉकेट काहून?"

"भारी दिसतं."

"मग असं करा, तुमी रॉकेटच बनवा. हळद शिजवायला मी हायेच."

पोरं हसली आन कबूल झाली. मग ती म्हणली, मशीन दाखवा, बघितल्याबिगर मी काढत नसते. माझ्या गाडीवर मागं बसून कॉलेजच्या शेडात गेली, मशीनच्या भोवती फिरली, झाकण उघडून आत वाकून बघितलं, हाताला काजळी लावून आली. चित्र मोठं झकास केलं. पोरांनी बघितलं आन मग एकजण भीत भीत म्हणला, "काकू, तुमी वाफ धुराड्यातून काढली. धुराड्यातून धूर निघतो. वाफ इकडून, झाकणापासून." ती एवढी हसली! म्हणली, "बरं झालं बोललास, न्हाई तर माझ्या चित्रातली हळद धुरकट झाली असती." आन सगळं पुसून पुन्हा केलं. माझ्या गाठीत अशी कोणी चूक काढली तर मी शिडी घेऊन घरी जातो. तिचं तसं नव्हतं.

पण सगळं पोरांच्या हातात नसतं. कॉलेजात मोठं विज्ञान प्रदर्शन ठरलं आन वरून निरोप आला की गेटावरच्या बॅनरवर संस्थापक साहेब मोठे पाहिजेत. साहेबांचं डोकं काहिलीएवढं, आन पोरांच्या वस्तू खाली एका ओळीत, डाळीच्या दाण्याएवढ्या. ती कुरकुरली, पण पोरांसाठी करून दिला. आता ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगतो. मोठा बॅनर उघड्यावर बांधला की वारा त्याच्या पोटात भरतो, सुतळ्या तुटतेत, न्हाई तर फ्रेमसकट खाली येतो, कोणाच्या टाळक्यात बसला म्हणजे संपलं. म्हणून ब्लेडनं त्याला अर्ध्या चंद्रासारखे काप मारावे लागतेत. वारा आला की तेवढीच पाकळी उचलती, वारा पार जातो, बॅनर वाचतो. आन फ्रेमला ठोकताना बॅनर पालथा टाकतेत, चित्र मातीकडं, पाठ वर. काप पाठीमागूनच मारायचे. मी मारले, माझ्या हिशेबानं जिथं पाहिजेत तिथं, आन टांगून आलो.

प्रदर्शनाच्या दिवशी वारं सुटलं. साहेब गेटाखाली माईकवर बोलायला उभे राहिले, आन वर त्यांचंच तोंड उघडायला लागलं. काप बराबर खालच्या ओठावर बसला होता. खाली साहेब बोलतेत, वर साहेबांचा ओठ लोंबतो, मिटतो, पुन्हा लोंबतो. खालचे साहेब पाणी प्यायला थांबले, तरी वरचे चालूच. आधी पोरं हसली, मग पाहुणे, मग प्राचार्यांनी रुमाल तोंडाला लावला. साहेबांनी वर बघितलं... त्या संध्याकाळी पोरांच्या शेडाला कुलूप लागलं आन पोरांनी माफी मागितली तेव्हा कुठं निघालं. घरी आल्यावर माझी बारी.

"माणसाच्या तोंडाला ब्लेड लावलं तुमी!"

"पाठीमागून मला तोंड दिसतं का? पाठीमागून साहेब आन शिपाई सारखेच. पांढरे."

"मग विचारायचं न्हाई?"

"मग तू सांगायचं न्हाई?"

मग अबोला. ती भाकरी ताटात ठेवून जायची, अजून घ्या म्हणायची न्हाई. अबोला मोडला तोही कामातूनच. दुसऱ्या एका गटाचं काम आलं होतं, ती स्क्रीनकडं बघत, माझ्याकडं पाठ करून म्हणली, "तळ्याकडच्या भिंतीवर वारा कोणीकडून येतो?" मी म्हणलो, पश्चिमेकडून, आन खालून उचलतो. "मग काप कुठं येतील?" मी बोटानं दाखवलं. तिनं त्या जागी आधी गोल काढून ठेवले आन मग बाकीचं चित्र त्यांच्या कडेकडेनं बसवलं. बॅनरच्या काठावर बारीक काळ्या खुणा केल्या. काठ पाठीमागं दुमडला की मला त्या दिसायच्या, खुणेला खूण जोडली की आंधळ्यालाही कळंल काप कुठं. त्या दिवसापासून आमच्या दुकानात तोच कायदा झाला. पोरं म्हणायची, काकू, आधी चित्र तर काढा. ती म्हणायची, "आधी वारा, मग चित्र. वारा तुमच्या साहेबाला सोडत न्हाई, तर तुमच्या रोबोला काय सोडतो!"

हळदीच्या मशीनचा बॅनर दुसऱ्या साली पुन्हा करायचा होता, गेटावर, उघड्यावर. मी काप सांगितले, तिनं ते झाकणाच्या वर धरले आन वाफेचे लोट बराबर त्या कापांवर काढले. टांगला तेव्हा मला काही समजलं न्हाई. मग झुळूक आली आन वाफ हलायला लागली. पाकळ्या उचलायच्या, खाली बसायच्या, अन् मशीन शिजवून राहिलंय असंच वाटायचं. रस्त्यानं जाणारे गाडी हळू करायचे. शेंगा विकणाऱ्या बाईनं तिथंच पाटी मांडली. स्पर्धेत पोरांचा नंबर आला न्हाई, ते मशीनच ऐन वेळेला बंद पडलं. पण मी आन ती चहाच्या निमित्तानं गेटासमोर जाऊन उभं राहायचो. ती म्हणायची, "बघा, तुमचं भोक अन् माझी वाफ." आमच्या लग्नाचा फोटो न्हाई, मांडवात वीज नव्हती. पण मला कोणी विचारलं तुमचा दोघांचा फोटो कोणता, तर मी ती वाफ सांगंन.

आन म्हणून मला संताप येतो. इतकी पोरं आली, खुर्चीमागं उभं राहून घाई करून गेली. एकाला तरी बघावं वाटलं का, ही बाई काय करती, आधी काय विचारती? पोरांनी तिचाच बॅनर करून आणला आन मी तो उलगडला तेव्हा बघतो तर काय, या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं तोंड. तिचं तोंड. काठावर खूण न्हाई, कुठं मोकळी जागा न्हाई. वारा कुठून जाईल, हे कोणी विचारलंच न्हाई. आता चौकात लावायचा तर काप मारावे लागतेत. कुठं मारू? देविदासला म्हणलो, "तू सांग, तुझी बहीण हाय. कुठं ब्लेड लावू?" तो गुटखा थुंकायला बाहेर गेला आन दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच विचारलं, काहून लावला न्हाई.

शेवटी पोरांना बोलावून घेतलं. दोघं पोरं आन एक पोरगी आली, अश्विनी, पुसेगावची, गटात तिचंच चालतं. दुकानासमोर बॅनर पसरला.

"हे काय हाय?" मी म्हणलो.

"काकू हायेत, काका."

"ते मला दिसतं. माझी बायको होती. काप कुठं मारू ते सांग. नाकावर मारू का डोळ्यावर?"

एक पोरगा म्हणला, "काका, आमच्या ध्यानातच न्हाई आलं." म्हणलो, "ध्यानात यायला तुमी तिच्याकडं कधी बघितलं? आन हिला एवढी गोरी कोणी केली? ती काळी होती. मस्त काळी होती." तर म्हणतो, "ते मोबाईल आपोआप करतो काका." आपोआप! वर आधी तर कागदावर 'कैलासवासी' लिहून आणलं होतं, आमच्या बौद्धांत कालकथित म्हणतेत, हेही मीच सांगायचं. मी लई बोललो. तोंडाला येईल ते बोललो. रस्त्यावरचे थांबून बघायला लागले. म्हणलो, "तिनं आपल्या मनानं तुमच्या एका तरी बॅनरवर माणूस घातलं का? आन तुमी तिलाच..."

अश्विनीच्या डोळ्यात पाणी आलं, पण आवाज हलला न्हाई. म्हणली, "म्हणूनच घातलं, काका. त्या गेटावर सगळ्यांची तोंडं लागली. साहेबांची, सरांची, आमचीबी लागली. काकूंचं एकदाबी न्हाई. नावसुद्धा न्हाई. कोणी विचारलं बॅनर कुठं केला, तर आमी म्हणायचो, नांदेड रोडला. आमी ठरवलं, या खेपेला फुलं नको, दिवा नको, आमची नावं नको. नुसत्या काकू. या काठापासून त्या काठापर्यंत."

मी खाली बसून बॅनर गुंडाळायला लागलो.

मग ती म्हणली, "नवीन करून आणते काका. तुमी काप सांगा, मी इथंच बसून करते." पंचशीलाच्या खुर्चीत बसू का म्हणून विचारलं आन बसली. काकूंचा फोटो स्क्रीनवर घेतला. "चौकात वारा कोणीकडून येतो?" मी म्हणलो, पश्चिमेकडून येतो, समोरच्या इमारतीला धडकून वरून खाली मारतो. मधात दोन पाहिजेत, वर एक. तिनं गोल ठेवले. मधले दोन डोळ्यांवर आले. म्हणलो, सरकव. गालावर आले. म्हणलो, सरकव. एक ओठाजवळ, एक कपाळाला... जिथं ठेवावा तिथं तीच. जिंदगीभर कोणी कुठलाही बॅनर दाखवला तर मी उभ्या उभ्या काप सांगितले, या एका बॅनरला मला जागाच सापडंना. पोरगी हळूच म्हणली, "तोंड बारीक करते काका, बाजूनं जागा सोडते." मी म्हणलो, "न्हाई. बंद कर ते. तू जे केलं तेच बराबर हाय. काठापासून काठापर्यंत."

पण मग चौक न्हाई. जिथं वारा हाय, तिथं न्हाई. आमी तो बॅनर दुकानातच, मागच्या भिंतीवर लावला. फळी काढली, घड्याळ काढलं, नमुन्याच्या पत्रिका काढल्या, तरी खालून थोडा दुमडावा लागला. ना फ्रेम, ना सुतळी, नुसते खिळे. एकही काप न्हाई. पोरं शिडीवर आन मी खाली, "डावीकडं घ्या, डावीकडं घ्या" म्हणत. लागला. मी मागं सरकून बघायला गेलो तर पाठ काउंटरला टेकली, आन समोर काही न्हाई. नुसते ठिपके. बॅनर दुरून बघायसाठी छापतेत, जवळून ते रंगाचे ठिपकेच असतेत. हे मला माहीत न्हाई असं न्हाई, पण मी आजवर बॅनर टांगले ते आभाळात, खोलीत कधी टांगला न्हाई. देविदास आला, डोळे बारीक करून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरला आन म्हणला, "दाजी, ही कुठं हाय? हा तर कान हाय." पोरांची तोंडं उतरली. मला एवढा राग आला... कोणाचा, ते नका विचारू. वारा टाळला तर ही अशी गत.

देविदास चहा प्यायला म्हणून रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेला. तिथून एकदम वरडला, "दाजी! ओ दाजी, इकडं या! पळा!" मला वाटलं कोणाला गाडीनं उडवलं. मी गेलो. त्यानं माझे दोन्ही खांदे धरून मला दुकानाकडं फिरवलं. शटर वर होतं. आत मागच्या भिंतीवर ती होती, अख्खी, डोळे जरा बारीक केलेली, उन्हात उभी राहून फोटो काढला म्हणून. आत ट्यूब लावलेली नव्हती आन सावलीत ती तिच्याच रंगाची दिसत होती. टपरीवाल्यानं चहा गाळता गाळता मान वर केली आन म्हणला, "वहिनी."

आता रोज सकाळी मी शटर वर करतो, ट्यूब लावत न्हाई, रस्ता ओलांडतो आन टपरीपाशी उभा ऱ्हातो. जवळ जावं तर ती दिसत न्हाई, आन दुरून बघावं तर हा नांदेड रोड, लई वर्दळीचा. ऑटो येतो, एसटी येती, हळदीची पोती भरलेला ट्रक मधात येऊन थांबतो आन सगळं झाकून टाकतो. ड्रायव्हर खिडकीतून पानवाल्याशी बोलत बसतो. चीड येती, ओरडावं वाटतं. मी थांबतो. ट्रक जातो. ती असती.